अकरा मिनिटांची शांतता

१

आमच्या घरात सगळ्यात जास्त शिव्या कुणी खाल्ल्या असतील तर त्या एका यंत्राने. यंत्र तरी कसलं, ह्यांच्या स्क्रीनच्या उजव्या कडेची एक उभी पट्टी. ह्यांनी कोड लिहायचा आणि पट्टीने सुचवायचं, हे असं नको, तसं करा. ह्यांच्या कंपनीला ते घ्यावं की नको हे ठरवायचं होतं, आणि त्याची पारख करायचं काम ह्यांच्याकडे आलं होतं. मुदत सहा आठवड्यांची. घरूनच काम. प्रत्येक सूचनेला पाचपैकी गुण द्यायचे आणि शेवटी एक अहवाल.

ह्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, दीडशहाणा.

"काल जन्मलंय आणि मला शिकवतंय," हे चहाचा कप माझ्या हातून घेत म्हणाले. "वीस वर्षं मी हेच करतोय. डोंबलाची सूचना!"

"मग शून्य द्या की," मी म्हटलं.

"असं नाही देता येत. माझा नियम आहे. सूचना कितीही बावळट असो, आधी स्वीकारायची, चालवायची, मग गुण द्यायचे. मूर्खालाही पूर्ण संधी दिली की त्याला निवांतपणे मूर्ख म्हणता येतं."

हा ह्यांचा नियम मी तेव्हा कौतुकाने ऐकला. माणूस फटकळ, पण न्यायाला पक्का, असं मनात आलं.

तपासायला काहीतरी छोटंसं उदाहरण हवं, म्हणून ह्यांनी आमचं घरच घेतलं. ड्रॉवरमध्ये पडलेले तीन छोटे माईक काढले. एक बाहेरच्या दाराशी लावला, एक स्वयंपाकघरात, एक चिमणीच्या खोलीत. पाठकोऱ्या कागदावर काढून मला समजावूनही दिलं. पूर्वी यंत्र सारखं जाऊन विचारायचं, काही झालं का, काही झालं का. आता विचारायचं नाही. एकेका जागेवर एकेक ऐकणारा नेमायचा. तिथे काही बदललं की त्याला आपोआप कळतं आणि तो आपलं काम करतो. तीन जागा, तीन ऐकणारे.

"म्हणजे कान देऊन बसायचं," मी म्हटलं.

"हो. पण तुझ्यासारखं देवापुढे नव्हे. इथे उत्तर येतं."

मी हसून कप उचलला. असल्या बोलण्याची मला सवय होती.

चिमणी आमची मुलगी, सात वर्षांची. पाच वर्षांची असताना तापातून उठली ती गप्प झाली. डॉक्टर म्हणाले, घशात दोष नाही, कानात नाही, बोलेल, वेळ द्या. दोन वर्षं दिला. ती हसते, लिहिते, भांडते, पण सगळं आवाजाशिवाय. शेवटी मी नेम धरला. चाळीस शनिवार, सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत, मौन. माझा आवाज देवाच्या पायाशी ठेवायचा आणि म्हणायचं, हा घे, तिचा तिला दे.

"पोर बोलत नाही म्हणून आईनेही तोंडाला कुलूप घालायचं," हे म्हणायचे. "उत्तम. आता दिव्याला सांग, तूही पेटू नकोस."

त्या आठवड्यात माझा तेहतिसावा शनिवार होता.

२

गुरुवारी सकाळी ह्यांच्या खोलीतून हसू ऐकू आलं. ह्यांचं हसू आनंदाचं नसतं, कुणाची तरी फजिती झालेली असते.

"इकडे ये, बघ आमच्या पंडितांनी काय दिवे लावलेत!"

पट्टीत लिहिलं होतं: *चार ऐकणारे आढळले. चौथा पॅसेजमध्ये आहे. त्याची प्रतीक्षा अकरा मिनिटं शांततेची आहे. या घरात अकरा मिनिटं शांतता क्वचितच होते, त्यामुळे त्याची पाळी येत नाही. प्रतीक्षा कमी करावी. चार मिनिटं सुचवतो.*

"पॅसेजमध्ये कुठे लावलाय तुम्ही माईक?" मी विचारलं.

"नाहीच लावला! तेच तर. मनाचे मांडे." ह्यांनी डोळे पुसले. "आणि अकरा मिनिटं! अगं, ही प्रतीक्षा म्हणजे काय माहितीये? समज दाराची बेल कुणी लागोपाठ दहा वेळा दाबली. दहा वेळा धावायचं का? नाही. दाबणारा थांबला, जरा शांत झालं, की एकदाच जायचं. त्या शांततेला वेळ ठरवून देतात. अर्धा सेकंद पुष्कळ होतो. अकरा मिनिटं थांबायला हा काय गुहेत बसलेला साधू आहे?"

"पण हा चौथा आला कुठून?"

"त्याच्या रिकाम्या डोक्यातून."

मग ह्यांनी नियमाप्रमाणे सूचना स्वीकारली, चालवली आणि शून्य दिलं.

मी मात्र केर काढायच्या निमित्ताने पॅसेज पाहून आले. स्वयंपाकघर आणि चिमणीची खोली यांच्यामधली चार पावलांची जागा. एका बाजूला भिंतीतलं कपाट, दुसऱ्या बाजूला भिंत. खिडकी नाही, दिवा आहे, पण पिवळट. कपाटात जुने डबे आणि चिमणीचा पाळण्यातला कपडा. सगळं जागच्या जागी. मी मनात म्हटलं, बिचारं यंत्र. माणसाची सावली बघितली नाही आणि माणसं मोजायला निघालंय. मला त्याची कीव आली. खरं सांगायचं तर तुच्छताच वाटली.

३

शनिवारी चिमणीला शाळा नसते. हे खोलीत कानाला हेडफोन लावून बसले होते, चिमणी तिच्या खोलीत वहीत रंगवत होती, मी ओट्यापाशी कप पुसत होते.

दुपारी अडीचच्या सुमारास फ्रीजची घरघर थांबली. रस्त्यावरचा आवाज आपोआप विरला. आतल्या खोलीत चिमणीने पेन्सिल खाली ठेवल्याचं कळलं. मौनाच्या दिवशी कान तीक्ष्ण होतात, त्यात नवल नाही. मी कप हातात धरून तशीच उभी राहिले. छान वाटत होतं. मनात नाम चाललं होतं.

आणि मग कुणीतरी श्वास घेतला.

बोलायच्या आधी माणूस घेतं ना, तसा. छोटा, घाईचा, आता काहीतरी सांगायचंय असा. पॅसेजमधून.

मी स्वतःशीच म्हटलं, फ्रीज. फ्रीज पुन्हा सुरू होताना असा हुंकार देतो. मी कप ठेवला, तो ओट्यावर वाजला, आणि पुढे काही झालं नाही. फ्रीज मात्र त्यानंतर बऱ्याच वेळाने सुरू झाला.

संध्याकाळी दिवा लावला, देवाला हात जोडले आणि पहिला शब्द काढला, "चिमणे, ये गं." ती आली. तिची वेणी घातलेली होती.

सकाळी केस मोकळे होते. मौनाच्या दिवशी मी तिची वेणी घालत नाही, कारण वेणी घालताना मी तिच्याशी बोलल्याशिवाय राहूच शकत नाही. मला वाटलं, शिकली पोर. मग रिबिनीची गाठ बघितली. टोक दोनदा आत वळवून खोचलेलं. माझ्या आईने मला शिकवलेली गाठ. इतकी वर्षं चिमणीला शिकवतेय, तिच्या बोटांना ती जमत नाही.

"काय मग, व्रतस्थ बाई!" हे खोलीतून बाहेर आले. "मौन कसं झालं?"

"छान झालं."

"छान? दुपारभर पोरीशी कुजबुजत होतीस. स्वयंपाकघरातल्या माईकवर सगळं येतं मला. लांबून येत होतं, शब्द नाही कळले. पण आवाज तुझाच."

"मी एक अक्षर बोलले नाही, अहो."

"असू दे असू दे." हे हसले. "देवालाही सुट्टी असते शनिवारी. मी नाही सांगणार."

मला राग आला तो खोटेपणाच्या आरोपाचा. तेहतीस शनिवार मी एकदाही चुकले नव्हते. त्या रागात नेमकं जे विचारायला हवं होतं, ते विचारायचं राहून गेलं.

४

पुढच्या दोन आठवड्यांत चिमणी बदलली. शनिवार जवळ आला की तिचे डोळे चमकायचे. मी म्हटलं, नेम फळाला येतोय. आईचं मन आशेला इतकं हपापलेलं असतं, की तिच्या बाजूने जे येईल ते खरं मानतं. वेणीचंही मी असंच करून टाकलं. कधीतरी अर्धवट जमली असेल गाठ, बाकीचं माझ्या डोळ्यांनी जुळवलं.

पण पॅसेजमधून जाताना मी नकळत भांडं वाजवू लागले.

शेवटी एका सकाळी ह्यांना म्हटलं, "तो चौथा ऐकणारा काढून टाका ना."

"काढायला तो असावा लागतो!" ह्यांनी खुर्ची फिरवली. "जो नाहीच त्याला काढू कसा? तूही आता त्या दीडशहाण्याच्या नादाला लागलीस? एक यंत्र बडबडतं, एक बायको. दोघांनाही पुरावा नको."

"पण त्याने आणखी काही सुचवलंय का?"

"सुचवलंय ना. रोज तेच. चाराचं एक मिनिट करा म्हणाला, केलं, शून्य दिलं. मग मी त्याला सुनावलं. लिहून दिलं, मूर्खा, कुठल्याही ऐकणाऱ्याला अर्धा सेकंद पुरतो, शीक जरा. आणि बघ."

पट्टीत लिहिलं होतं: *आपलं म्हणणं बरोबर आहे. पॅसेजमधल्या ऐकणाऱ्यासाठी अर्धा सेकंद. तो आभारी आहे.*

"तो कोण?" माझ्या तोंडून निघालं.

"अगं, भाषा चुकते त्याची." हे खूश दिसत होते. "पण बघ, गाढवाने एकदाचं ऐकलं. माझंच उत्तर मला परत दिलं, पण ऐकलं. ह्याला मी चार देणार."

ह्यांनी स्वीकारलं. मी शेजारी उभी होते. मला आठवतं, त्याच वेळी मी म्हणत होते, "अहो, पण," आणि 'अहो' आणि 'पण' यांच्यामध्ये मी जी जरा थांबले, तेवढ्यात मागे पॅसेजमध्ये कुणीतरी श्वास घेतला.

मी मान वळवली नाही. वळवायला हवी होती की नको, हे मला आजही ठरवता येत नाही.

५

सदतिसावा शनिवार.

त्या दिवशी मी घरात शांतता होऊच द्यायची नाही असं ठरवलं होतं. मौन माझं, नळाचं थोडंच? नळ बारीक सोडून ठेवला. पंखा लावला, त्याची एक पाती खटखटते ती मला एरवी आवडत नाही, त्या दिवशी गोड वाटली. डबे काढले, धुतले, परत लावले. ह्यांनी खोलीतून ओरडून विचारलं, "आज युद्ध आहे का?" मी उत्तर देऊ शकत नव्हते, म्हणून एक झाकण पाडलं.

पण आवाज म्हणजे सलग काही नसतं, हे मला तेव्हा कळलं. पंख्याच्या एका खटक्यानंतर दुसरा यायला जरा वेळ लागतो. झाकण पडतं, गरगरतं आणि थांबतं. अर्धा सेकंद कुठेही मिळतो.

दुपारी मला माझ्या मुलीचा आवाज ऐकू आला.

दोन वर्षांनी. जरा जाड झाला होता, पण तोच. हलक्या आवाजात, भरभर, साठवलेलं सगळं एकदम सांगावं तसा. शाळेतल्या बाकाचं काहीतरी, कुणीतरी खोडरबर घेतल्याचं. माझे हात ओट्यावरच राहिले. डोळे भरले. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, दिलंस. तीन शनिवार आधीच दिलंस.

मग ती थांबली, आणि तिला कुणीतरी उत्तर दिलं.

मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. पॅसेजमध्ये दिवा लावलेला नव्हता. चिमणी जमिनीवर मांडी घालून बसली होती, पाठ कपाटाकडे, तोंड माझ्याकडे. तिच्या केसांचे तीन पेड मागे अंधारात गेले होते, आणि ते हलत होते. एक वर, एक खाली, एक वर. शेवटी रिबिनीचं टोक दिसलं. ते आत वळलं. पुन्हा वळलं. त्या टोकामागे एक कोपर होतं, फिक्या हिरव्या बाहीतलं, बाहीवर इस्त्रीचा तपकिरी डाग.

मी माझ्या बाहीकडे बघितलं. डाग तिथेच होता.

मी मौन मोडलं. सदतीस शनिवारांत पहिल्यांदा. एवढ्या जोरात ओरडले की घसा फाटला.

"चिमणे! इकडे ये!"

तिने माझ्याकडे बघितलं, अनोळखी बाईने घरात शिरून आरडाओरडा करावा तसं. ओठांवर बोट ठेवलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"शू! आई बोलतेय."

६

मी ह्यांच्या खोलीत धावले. ह्यांनी हेडफोन काढून गळ्यात अडकवला होता आणि स्क्रीनकडे बघून मिश्या चोळत होते. ह्यांना एखादी गोष्ट मनापासून पटली की हे असं करतात.

"वा! पाच आठवड्यांनी दीडशहाण्याला एक खरीखुरी चूक सापडली."

मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

*एकच आवाज दोन ठिकाणांहून येत आहे: स्वयंपाकघर आणि पॅसेज. दोन्ही ठेवल्यास ऐकणाऱ्यांचा गोंधळ होतो. जो कमी बोलतो तो काढून टाकावा.*

"दोनदा येणं हा खरा दोष," हे म्हणत होते. "नवशिके हमखास करतात. कुठे राहिला कोण जाणे माझ्याकडून. पाच गुण. आता चालवून बघतो."

"अहो, थांबा," मी म्हटलं. "तो नियम बाजूला ठेवा. स्वीकारू नका. माझं ऐका, स्वीकारू नका!"

हे थांबले. खरंच थांबले, बोट बटणावर ठेवून. कपाळाला आठी पडली, ऐकू आलं की पडते तशी. मग ह्यांनी मान वळवली आणि माझ्या अंगावरून मागे, उघड्या दारातून पॅसेजकडे बघितलं.

"अगं, तिकडून काय ओरडतेस?" ह्यांचा आवाज मऊ होता. "काय हवंय? इथे ये ना."

आणि उत्तराची वाट न बघता, सवयीने, ह्यांनी बटण दाबलं.

७

अहवाल गेला. कंपनीने यंत्र घेतलं. हे आता त्याला दीडशहाणा म्हणत नाहीत, 'आमचा शहाणा' म्हणतात. चौथा ऐकणारा यादीत दिसत नाही. यादीत तीनच आहेत, ह्यांच्या मते पहिल्यापासून तीनच होते.

चिमणी बोलते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलते, घर दणाणून सोडते. हेही कमी टोचून बोलतात. जेवताना तिघं हसतात. मी दारात उभी राहून ऐकते. माझा आवाज देवाच्या पायाशी ठेवते असं मीच म्हटलं होतं, आणि तिचा तिला मिळालाही. देवाशी माझं भांडण नाही. तीन शनिवार राहिलेत, तेही पुरे करीन. आता ते अवघड नाहीत.

दिवा मीच लावते. हे म्हणतात, आज लवकर लावलास. पण ते माझ्याकडे बघून म्हणत नाहीत.

आशा मात्र मी सोडलेली नाही. हाताला पेन धरता येतं हे कळल्यावर मी चिमणीच्या वहीत, मागच्या पानावर, तीन ओळी लिहिल्या. तिला ओळखता येतील अशा सोप्या अक्षरांत. *चिमणे, तुझी वेणी मी घालते. मी ओट्यापाशी आहे. इकडे बघ.*

काल दुपारी तिने ते पान उघडलं. मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर उभी होते. तिने एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, तिच्या त्या जाड झालेल्या आवाजात. शेवटच्या ओळीशी ती थांबली. ओट्याकडे बघितलं. माझ्याकडेच बघितलं. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर क्षणभर अडखळले, एवढं मी शपथेवर सांगेन.

"आई, हे कुणाचं अक्षर?" तिने विचारलं.

मी उत्तर द्यायला श्वास घेतला. पॅसेजमधून उत्तर यायला तेवढा अर्धा सेकंद पुरला.